कडी-कोयंड्याची काचपेटी

लेक झरीना सातव्या महिन्यात माहेरी येतेय, हा निरोप भिवंडीहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं जव्हारच्या स्टँडवर आणला, आणि निरोप पुरता व्हायच्या आत शरीफ पेटीवाला दुकानात परतून पत्रा कापायला बसलासुद्धा. कंडक्टर "आणि काय म्हणाली चाचा, की..." एवढं म्हणेपर्यंत चाचांची पाठ दिसली. गाडीला पुढं मोखाड्याला जायचं होतं. कंडक्टरनं उरलेला चहा आणि उरलेला निरोप दोन्ही तिथंच सोडले आणि घंटी मारली.

शरीफची ही जन्माची खोड. ऐकायचं ते अर्धं आणि करायचं ते दुप्पट. गिऱ्हाईक "पेटी पाहिजे" म्हणालं की हा पत्र्यावर खुणा करायला लागे; केवढी आणि कशासाठी, हे गिऱ्हाईक मग त्याच्या पाठीला सांगत राही. पोशेऱ्याच्या एका मास्तरांनी पुस्तकांसाठी पेटी सांगितली होती, तर त्यांना झाकणावर गुलाब रंगवलेली नवरीची पेटी मिळाली. मास्तरांनी ती मुकाट्यानं नेली, कारण शरीफचं काम पक्कं असे. त्याची बायको मदिना म्हणायची, "तुम्ही बांग संपायच्या आत मशिदीत आणि माझं बोलणं संपायच्या आत घराबाहेर." हेही त्यानं कधी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.

पण या वेळच्या घाईमागे एक जुना सल होता. झरीना लहान असताना शरीफ तिला उरसाला घेऊन गेला होता. गर्दीत ती एका दुकानापुढं थबकली, त्याचा सदरा ओढून म्हणाली, "अब्बा, मला काचेतला मासा पाहिजे." शरीफनं मागं वळूनही न बघता सांगितलं, "मासा खायचा असतो, पाळायचा नसतो," आणि तिचा हात धरून चालू लागला. ती "तसला नाही अब्बा..." असं काहीतरी म्हणत होती. घरी येईपर्यंत रडली आणि मग गप्प झाली.

त्यानंतर झरीनानं बापाकडे काही मागितलं नाही. ईदला काय आणू विचारलं की म्हणायची, "तुम्ही आणाल ते." लग्नात काय देऊ विचारलं, तरी तेच. शरीफला कौतुक वाटायचं, पोरगी किती गुणी, कशाचा हट्ट नाही. निकाहाच्या दिवशी ती निघताना त्याच्या गळ्यात पडली, तेव्हा मात्र त्याला कळलं की हा गुणीपणा नव्हता. पोरीनं मागणंच सोडून दिलं होतं. तेव्हापासून ते दुकान, तो ओढलेला सदरा आणि आपलं ते वाक्य त्याला दाढदुखीसारखं अधूनमधून छळायचं. म्हणून त्यानं ठरवलं होतं, पोरगी पहिल्या बाळंतपणाला येईल तेव्हा घरात काचेतले मासे हजर पाहिजेत. ते बघून तिनं एकदा, एकदा तरी, आपल्याकडे काहीतरी मागावं.

माशांची टाकी जव्हारात कुणी बनवलेली नव्हती, पण पेटी ती पेटीच, असं म्हणून शरीफनं लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा केला आणि चारी बाजूंना काचा बसवून फटींत लांबीचा लगदा भरला. पाणी भरल्यावर ती गळली आणि खाली ठेवलेलं गव्हाचं पोतं भिजलं. शरीफ डगमगला नाही. गळक्या बादलीला डांबर लावतात, तसं त्यानं सांध्यांना आतून डांबर थापलं. मग झाकण केलं, कारण झाकणाशिवाय पेटी कसली? झाकण केलं म्हणून बिजागरी आली, आणि बिजागरी आली म्हणून कडी-कोयंडा आला. वर गुलाब रंगवला आणि गुलाबाखाली "झरीना" असं नाव घातलं.

मदिनानं कंबरेवर हात ठेवून ती काचपेटी सगळ्या बाजूंनी बघितली आणि म्हणाली, "याला कुलूप कशाला? मासे पळून जाणार आहेत?"

"मांजर येतं," शरीफ म्हणाला, आणि मुंबईची गाडी पकडायला निघाला.

मुंबईला क्रॉफर्ड मार्केटात रंगीत मासे मिळतात एवढं त्याला माहीत होतं. दुकानदार भला माणूस होता. त्यानं समजवायला घेतलं, "चाचा, पहले पानी भरके रखो..."

"भरलंय," शरीफ म्हणाला. त्याचं लक्ष सोनेरी माशांकडे होतं.

"नया टाकी है ना? तो चार से शुरू करो, बाद में..."

शरीफनं चारपासून सुरुवात केली. थांबायचं कुठं ते ऐकायला तो मोकळा नव्हता. सोनेरी झाले, मग काळे, मग पंख्यासारख्या शेपटीचे, मग पट्ट्यापट्ट्यांचे. रिकामी-रिकामी टाकी पोरीला कशी दाखवायची? दुकानदारानं दोनतीनदा "चाचा, सुनो तो सही" म्हणून बघितलं आणि शेवटी हात टेकले. पाण्यानं फुगलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या मांडीवर घेऊन शरीफ परतीच्या गाडीत बसला. गाडी भिवंडीला थांबली तेव्हा कुणी ओळखीचं बघेल आणि पोरीला कळेल म्हणून त्यानं तोंडावर टॉवेल घेतला. उतरून दोन पावलांवरच्या लेकीच्या घरी जायला किती वेळ लागला असता? पण मग गंमत राहिली नसती, असं त्याला तेव्हा वाटलं.

मासे पेटीत सोडले तेव्हा मात्र घर उजळून निघालं. शेजारपाजार गोळा झाला. दाभोशाचा सोन्या शरीफकडे मजुरीला यायचा, पत्रे वाहायचा, ठोकायला मदत करायचा. तो काचेला नाक लावून उभा राहिला.

"शेठ, कवा खावाचं हे?"

"हे खायचे नसतात."

"मंग?"

"बघायचे असतात."

सोन्यानं मान डोलावली आणि पुन्हा मन लावून बघितलं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "बघलं. आता?"

दोन दिवस असे सुखात गेले. मग पाणी तांदळाच्या धुवणासारखं दिसायला लागलं आणि मासे सगळेच्या सगळे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. शरीफनं झाकण उघडलं की ती एवढीएवढीशी तोंडं त्याच्याकडे बघून हलायची. त्याचा जीव कळवळला. "उपाशी आहेत ग," तो मदिनाला म्हणाला. त्यानं भाकरी कुस्करून टाकली. तोंडं हलतच राहिली. भात टाकला, तरी हलतच होती. मदिनाही काही दगडाच्या काळजाची नव्हती. लेकीच्या घरचे पाहुणे असल्यासारखी तिला त्यांची माया लागली होती. तिनं शेवया चुरून टाकल्या. भेटायला येणारी प्रत्येक बाई जाताना मूठभर काहीतरी टाकून जाऊ लागली, कारण भुकेल्याच्या तोंडासमोरून हात हलवत जाणं त्या मोहल्ल्याच्या रीतीत बसत नव्हतं. आणि प्रत्येकाचं देऊन झालं की शरीफ मांजराच्या भीतीनं झाकण लावून कडी घालायचा.

जेवढं वाढावं तेवढे मासे जास्तच तोंड उघडायचे. दोन मासे मेले. पाण्याला वास यायला लागला, तशी मदिना म्हणाली, "पाणी बदला, पण..." तिला म्हणायचं होतं, थोडं थोडं बदला, एकदम गार पाण्यानं आपल्यालासुद्धा हुडहुडी भरते. पण तोवर शरीफनं मासे बादलीत काढले होते आणि पेटी अंगणात उपडी केली होती. सोड्यानं घासून काचा लख्ख केल्या, विहिरीचं ताजं गार पाणी भरलं, आणि मासे परत सोडले. पाणी आरशासारखं झालं. त्या स्वच्छ पाण्यात मासे आता तिरके होऊन तरंगताना अगदी स्पष्ट दिसत होते.

शरीफचं दुकानात लक्ष लागेना. ठोकताना हातोडी बोटावर बसायची. झरीना यायला फारसे दिवस राहिले नव्हते. आजाऱ्याला औषध पाहिजे एवढं त्याला कळत होतं, पण माशाचा डॉक्टर कुठून आणायचा? अशा विवंचनेत तो दुकानाच्या पायरीवर बसला असताना मोहल्ल्याच्या विहिरीवरून नगरपालिकेचा माणूस चुन्यासारखी पांढरी पूड लागलेले हात झटकत आला. उन्हाळ्याचे दिवस, गावात काविळीची कुजबुज होती. तो माणूस दारादारात सांगत चालला होता, "विहिरीत औषध टाकलंय हो. उद्यापर्यंत..."

उद्यापर्यंत कुणी पाणी भरू नका, हे त्याचं पुढचं वाक्य दुकानाच्या रिकाम्या पायरीनं ऐकलं. 'औषध' हा शब्द कानावर पडताच शरीफ कळशी घेऊन विहिरीकडे धावला होता. अल्लाच पावला, असं त्याला वाटलं. आपण डॉक्टर शोधतोय आणि इथं सगळी विहीरच्या विहीर औषधाची झालीय. कुणी घ्यायच्या आत, औषध ताजं आहे तोवर, त्यानं मासे बादलीत काढून पेटी रिकामी केली आणि कळशीमागून कळशी आणून ती पुन्हा काठोकाठ भरली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते जव्हारात त्या दिवशी अक्षरशः घडलं.

औषधाच्या पाण्यात पडताच मासे एकदम सैरावैरा धावायला लागले. मघापर्यंत तिरके पडलेले जीव काचेवर धडका देत वरखाली फिरू लागले.

"बघ, बघ," शरीफ हरखून मदिनाला म्हणाला. "कशी तरतरी आली."

मदिनानं पेटीजवळ नाक नेलं आणि पदर तोंडाला लावला. जेवणवेळ होईपर्यंत तरतरी संपली होती. सगळे रंग पाण्यावर आडवे झाले होते.

शरीफनं त्यांना एकेक करून ओंजळीनं बाहेर काढलं आणि परसात पपईच्या झाडाखाली पुरलं. पत्र्याचं काम चुकलं तर ठोकून सरळ करता येतं, कथलाचा डाग देऊन जोडता येतं, पुन्हा कापता येतं. इथं हातात काही उरलं नव्हतं. आपण त्यांना खायला घातलं, धुतलं, औषध दिलं, आणि तरी ते मेले. म्हणजे आपल्या हातातच काहीतरी खोट आहे, असं त्याला राहून राहून वाटलं. त्या दिवशी तो जेवला नाही. मदिनानं त्याचं ताट झाकून ठेवलं.

आता झरीनाला रिकामी पेटी दाखवायची? मुंबईला पुन्हा जायला वेळ नव्हता. शरीफ सोन्यापाशी बोलून गेला, "काहीही कर, पण झरीना यायच्या आत मासे पाहिजेत. जिवंत."

सोन्यानं घरी जाऊन हे बायकोला, सुकरीला सांगितलं. सुकरीला चटकन उमगलं. झरीनाच्या लहानपणी तिनं तिला कडेवर खेळवलं होतं. झरीना येणार त्या दिवशी सकाळी सोन्या दाभोशाहून जीपच्या मागं लटकून आला. त्याच्या हातात झाकलेलं मडकं होतं आणि मडक्यात काहीतरी धपधपत होतं.

"शेठ, मरळ आणली. जित्ती हाय. सुकरीनं सांगितलाय, पोटुशी पोरीला मरळ लय चांगली. पोरीला ती..."

शरीफनं मडकं घेतलं आणि पेटीत उपडं केलं.

"...रांधून द्यावाची," सोन्या म्हणाला. पण तेव्हा मरळ पेटीच्या एका काचेपासून दुसऱ्या काचेपर्यंत लांब पसरली होती.

ती हातभर लांब, चिखलाच्या रंगाची, सापासारख्या डोक्याची मरळ होती. गुलाब रंगवलेल्या झाकणाखाली ती तहसील कचेरीतल्या हवालदारासारखी निर्विकार बसून राहिली. सोन्यानं शेठकडे बघितलं, मरळीकडे बघितलं, आणि हेही बघायचंच असेल अशा समजुतीनं तो पत्रे उचलायला गेला. शरीफनं पेटीवर मदिनाची हिरवी चादर टाकली.

दुपारच्या गाडीनं झरीना आली. चेहरा उतरलेला, पाय सुजलेले. मदिनानं तिची दृष्ट काढली, पाठीशी उशी देऊन खाटेवर बसवलं. शरीफला दम धरवेना. ती पाणी प्यायच्या आत त्यानं चादर ओढली आणि म्हणाला, "बघ बेटा. काचेतला मासा."

नेमकी तेव्हाच मरळ वर आली. तिनं भलंमोठं तोंड उघडून हवेचा घोट घेतला, बुडुक असा आवाज केला आणि परत तळाशी गेली. झरीना डोळे फाडून बघत राहिली. मग तिनं ओढणी नाकाला लावली, उठून मोरीकडे धावली आणि बराच वेळ ओकली.

मदिना तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. शरीफ हातात चादर धरून उभा होता. झरीना तोंड धुऊन आली, खाटेवर टेकली आणि दमलेल्या आवाजात म्हणाली, "अब्बा, मी कंडक्टरजवळ निरोप दिला होता ना. मला माशाचा वास सहन होत नाही, घरात मासे आणू नका म्हणून."

शरीफला स्टँडवर पाठीमागून आलेलं कंडक्टरचं ते "आणि काय म्हणाली चाचा" आठवलं.

"आमच्याकडे टाकी आहे," झरीना सांगू लागली. "माझ्या दिरांनी ठेवलीय. दर जुम्म्याला ती मीच साफ करते. त्या वासापासून सुटावं म्हणून तर लवकर आले."

शरीफ मटकन पत्र्याच्या पेटीवर बसला. भिवंडीला तोंडावर टॉवेल घेऊन बसलेला शरीफ त्याला दिसला, आणि त्या शरीफच्या मुस्काटात द्यावी असं वाटलं. थोड्या वेळानं त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "तुमच्याकडचे... मरत नाहीत?"

"आधी मरायचे. मग दीर शिकले, मलाही शिकवलं. टाकीत मावतील त्याच्याहून कमीच मासे ठेवायचे. पाणी सगळं बदलायचं नाही, जुनं बरंचसं राहू द्यायचं, त्यांना त्याची सवय असते. नळाचं पाणी उघड्या बादलीत ठेवायचं, त्यातलं औषध उडून जाऊ द्यायचं."

"औषध उडून जाऊ द्यायचं?"

"ते जंतू मारायला असतं, अब्बा. जे जंतूंना मारतं, ते माशांना काय सोडणार?"

मदिनानं मान दुसरीकडे वळवली. शरीफला आणखी एक गोष्ट विचारायची होती, आणि ती विचारायची त्याला भीती वाटत होती.

"ते वर येऊन तोंड उघडायचे," तो शेवटी म्हणाला. "सगळे. माझ्याकडे बघून."

"पाण्यात हवा कमी पडली की येतात. गुदमरतात ना."

"मला वाटलं, भूक लागलीय."

त्या इवल्या तोंडांनी पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगितली होती. आणि आपण काय केलं? भाकरी टाकली, भात टाकला आणि वरून झाकणाला कडी घातली. शरीफच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि सदऱ्याच्या बाहीनं ते पुसताना त्याला सदरा ओढणारा तो लहान हात आठवला.

"झरीना," तो म्हणाला, "तू उरसात मासा मागितला होतास. मी नाही म्हणालो. म्हणून हे सगळं केलं ग."

झरीनाच्या कपाळाला आठी पडली. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं. तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

"अब्बा, तो जिवंत मासा नव्हता. काचेचा गोळा होता, कागदं उडू नयेत म्हणून ठेवतात ना, तसला. आत एवढासा रंगीत मासा. उन्हात धरला की चमकायचा." ती थांबली. "त्याला पाळायचं काय होतं? मी सांगत होते. तुम्ही निघून गेलात."

"म्हणून रडलीस."

"माशासाठी नाही रडले," झरीना म्हणाली. "सांगून उपयोग नाही, असं वाटलं म्हणून रडले."

मरळ पुन्हा वर आली, बुडुक झालं. शरीफचा हात सवयीनं भाकरीच्या टोपलीकडे गेला आणि वाटेतच थांबला. झरीनानं परत ओढणी नाकाशी धरली.

"अब्बा, आधी ती मरळ कुठं तरी सोडून या," ती म्हणाली.

पोरीनं काहीतरी सांगितलं होतं. इतक्या वर्षांनी सांगितलं होतं. शरीफ ताडकन उठला. कडी काढली, मरळ मडक्यात घेतली, मडकं छातीशी धरून दाराकडे निघाला. एक पाय उंबऱ्याबाहेर पडला. तिथं तो कुणीतरी सदरा ओढल्यासारखा थांबला. मदिना चहाचं आधण ठेवता ठेवता बघतच राहिली. तिच्या उभ्या संसारात हा माणूस उंबऱ्यावर कधी थांबला नव्हता.

शरीफ मागं वळला. मडक्यातलं पाणी त्याच्या सदऱ्यावर सांडत होतं.

"एवढंच होतं बेटा?" त्यानं विचारलं. "की अजून काही आहे?"

झरीना त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं पाठीमागची उशी नीट केली आणि खाटेवर जरा सरकून जागा केली.

"अजून आहे, अब्बा," ती म्हणाली. "बरंच आहे."

शरीफनं मडकं उंबऱ्यापाशी खाली ठेवलं, त्यावर मांजराच्या भीतीनं झाकण टाकलं, मग काय आठवलं कुणास ठाऊक, झाकण काढून बाजूला ठेवलं, आणि येऊन लेकीजवळ बसला.